गूगलवर सगळं सापडतं, मग सर 'सोर्स कुठेय' असं का विचारतात?

सबमिशनचा सीझन आला की आपल्या बडोद्यात दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत घरोघरी एकच सीन असतो. पोरगं लॅपटॉपसमोर, वीस टॅब उघडे, आई स्वयंपाकघरातून विचारतेय झालं का रे, आणि हा वैतागून सांगतोय की माहिती तर सगळी मिळाली पण सरांनी प्रोजेक्ट परत दिला, म्हणे सोर्स नीट नाहीत. आता माहिती मिळाली तरी सोर्स मिळाला नाही ही काय भानगड आहे, हे त्याला कॉलेजात धड कुणी सांगत नाही आणि घरात कुणाला माहीत नसतं.

त्यात गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी नवीन झाल्यात. गूगलवर काही विचारलं की आता लिंकांच्या वरच एआयने लिहिलेलं तयार उत्तर येतं, त्यामुळे खाली बघायची सवयच मोडत चाललीय. आणि दुसरीकडे सरकारने १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' नावाची योजना सुरू केली, ज्यात तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये घालून ३० मोठ्या प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना वाचायला खुली केली. म्हणजे एवढा खजिना उघडलाय आणि आपली पोरं पहिल्या पानावरच्या तिसऱ्या ब्लॉगमधून कॉपी-पेस्ट करतायत. म्हणून म्हटलं जरा मुळापासून बघूया हे सर्च इंजिन प्रकरण.

सर्च इंजिन नक्की करतं काय

पहिली गोष्ट, आपण सर्च करतो तेव्हा गूगल त्या क्षणी इंटरनेटवर शोधायला जात नाही. शोधून आधीच झालेलं असतं. क्रॉलर म्हणून प्रोग्राम असतात, ते एका पानावरून त्यातल्या लिंकवर, तिथून पुढच्या लिंकवर असे रात्रंदिवस फिरतात आणि दिसेल ते गोळा करतात. त्या सगळ्याची एक भलीमोठी सूची बनते, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची, तिला इंडेक्स म्हणतात. आपण जे शोधतो ते या सूचीत, पेजांमध्ये नाही. २००८ सालीच गूगलने सांगितलं होतं की त्यांच्या यंत्रणेला एक लाख कोटी वेगवेगळे वेब पत्ते दिसलेत, आणि त्यातले सगळे सूचीत घेण्यासारखे नसतात हेही तेव्हाच सांगितलं होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. जिथे क्रॉलर पोचला नाही ते गूगलसाठी अस्तित्वातच नाही. आणि सूचीत शब्द असतात, तो शब्द ज्या वाक्यात आहे ते वाक्य खरं की खोटं हे सूचीत नसतं.

पण सगळ्यात वर आलंय म्हणजे बरोबरच असेल ना?

इथेच सगळा घोळ आहे. एका शब्दाला लाखो पानं जुळतात, मग कुठलं वर दाखवायचं? १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी गूगल काढलं तेव्हा त्यांची युक्ती अशी होती की ज्या पानाकडे जास्त लोकांनी लिंक दिलीय, आणि लिंक देणारे स्वतःही वजनदार आहेत, ते पान वर. गंमत म्हणजे ही कल्पना विद्यापीठातूनच आली होती, संशोधक एकमेकांच्या पेपरांचा हवाला देतात आणि ज्याचे हवाले जास्त तो पेपर महत्त्वाचा मानला जातो, तेच गणित त्यांनी वेबपानांना लावलं. आता त्यात इतर शेकडो गोष्टी मिसळल्यात, तुम्ही कुठून शोधताय, कुठल्या भाषेत, पान किती ताजं आहे, मोबाईलवर नीट उघडतं का वगैरे.

जुन्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्यांमध्ये, ओटल्यावर बसणारे एक काका असतात बघा, तुम्ही विचारलं जोशी कुठे राहतात तर काका लगेच बोट दाखवतात. काकांनी खोटं सांगितलेलं नसतं, फक्त ज्या जोश्यांकडे सगळ्यात जास्त लोक येतात त्यांचं घर दाखवलेलं असतं, तुम्हाला कदाचित मागच्या गल्लीतले, कुणी फारसं न विचारणारे जोशी हवे असतात. आणि काकांना घराच्या मालकीबद्दल विचारलं तरी ते ठासून सांगतील, पण कोर्टात काका चालत नाहीत, दस्तऐवज लागतो. सर 'सोर्स' म्हणतात ना, ते दस्तऐवज मागतायत. पत्ता विचारायला काका उत्तमच.

आणि हो, ते 'स्पॉन्सर्ड' लिहिलेले वरचे रिझल्ट म्हणजे सरळ पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे. असाइनमेंट रायटिंग सर्व्हिसवाले तिथे भरपूर दिसतील, त्यांना लांबूनच रामराम. गूगल फुकट आहे असं आपण म्हणतो, पण मोबाईल आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून लागलेलं असावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ सालात २६ अब्ज डॉलरच्या वर पैसे मोजले होते, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या खटल्याचा निकाल लागला, गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीर मार्गाने टिकवली असा. निकाल देणारे न्यायाधीश अमित मेहता जन्माने आपल्या गुजरातमधल्या पाटणचे. असो, विषय तो नाही.

सोर्स म्हणजे काय, एकदा बडोद्याचंच उदाहरण घेऊ

समजा प्रोजेक्ट आहे 'बडोदा संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण'. आपल्याकडे हा विषय दर वर्षी कुणाला ना कुणाला मिळतोच. पोरगं टाइप करतं, सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण कधी सुरू केलं. एक साइट म्हणते १८९३, दुसरी म्हणते १९०६. मग काय करायचं? बहुतेक जण जी तारीख जास्त ठिकाणी दिसते ती लिहून टाकतात, म्हणजे मतदान घेतात. आणि त्या दहा साइट बघितल्या तर सात जणांनी एकमेकांचंच उचललेलं असतं, कॉमासकट.

खरी गोष्ट अशी आहे की दोन्ही तारखा बरोबर आहेत. १८९३ मध्ये महाराजांनी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत प्रयोग म्हणून सुरुवात केली, आता अमरेली सौराष्ट्रात वेगळा जिल्हा आहे पण तेव्हा तो मुलूख बडोदा संस्थानात होता, आणि १९०६ मध्ये ते अख्ख्या संस्थानाला लागू केलं. हे कळायला त्या दहा साइटांचा उपयोग शून्य. हे कळतं कुठे, तर संस्थान दर वर्षी स्वतःचा कारभाराचा छापील रिपोर्ट काढायचं, बरोडा अ‍ॅडमिनिस्ट्रेशन रिपोर्ट, त्यातल्या शिक्षणाच्या प्रकरणात. यातले बरेच रिपोर्ट स्कॅन होऊन 'इंटरनेट अर्काइव्ह' नावाच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट पडलेत, अगदी आपल्या सोफ्यावर बसून वाचता येतात. दुसरी जागा सांगतो, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये इम्पिरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं, त्या भाषणात त्यांनी बडोद्याचा दाखला दिलाय. भाषणं छापलेली आहेत, स्कॅनही आहेत. म्हणजे बघा, त्याच काळातला माणूस, त्याच विषयावर, जाहीर सभागृहात बोललेला. कुठल्या ब्लॉगला याची सर येणार आहे?

याला प्राथमिक साधन म्हणतात, घटना घडली त्या वेळचा किंवा घडवणाऱ्याचा स्वतःचा कागद. नंतर कुणी अभ्यास करून लिहिलेलं पुस्तक किंवा पेपर हे दुय्यम साधन, तेही चालतं, चांगलंच चालतं, फक्त त्याने कशावरून लिहिलंय ते खाली दिलेलं असलं पाहिजे. आणि ब्लॉग, क्विझ साइट, यूपीएससी नोट्स, व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड हे तिसऱ्या चौथ्या हाताचं. तिसऱ्या हाताचं वाचायला काही हरकत नाही, रोज वाचावं, त्यातून नावं आणि शब्द कळतात. प्रोजेक्टच्या शेवटी त्याचं नाव घालायचं नाही एवढंच.

अजून एक बडोद्याचंच. फॉरवर्ड फिरतो की मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात 'ऑल मेन' होतं ते बदलून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करून घेतलं हंसा मेहतांनी, ज्या पुढे १९४९ मध्ये आपल्या एमएस युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू झाल्या आणि ज्यांच्या नावाची लायब्ररी आहे. फॉरवर्ड असल्यामुळे मला आधी ही 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात भारी ठरवलं' टाइप गोष्ट वाटत होती, पण ही खरी निघते, संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या साइटवर त्यांचं हे श्रेय नोंदवलंय आणि तो जाहीरनामा तयार करणाऱ्या मानवी हक्क आयोगाच्या बैठकांचे वृत्तांत यूएनच्या डिजिटल लायब्ररीत आहेत. गोष्ट तीच, पण प्रोजेक्टमध्ये फॉरवर्डचा हवाला दिला तर सर हसतील आणि यूएनचा दिला तर खूश होतील.

गूगलला प्रश्न विचारू नका, उत्तरातले शब्द द्या

हे एवढं एक लक्षात आलं तरी अर्धं काम झालं. आपण माणसाला विचारतो तसा पूर्ण प्रश्न टाइप करतो, सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयांसाठी काय केलं. असा प्रश्न ज्या पानांवर लिहिलेला असतो ती पानं कुठली? प्रश्नोत्तरं आणि क्विझवाली! मग तीच येतात. त्यापेक्षा डोकं लावायचं की ज्याने त्या काळात किंवा अभ्यास करून लिहिलं असेल त्याने कुठले शब्द वापरले असतील. ग्रंथालयाचं घ्या, महाराजांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, सेंट्रल लायब्ररी उभी राहिली, फिरती ग्रंथालयं निघाली, १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिक निघालं ज्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असा तिन्ही भाषांतला मजकूर असायचा. मांडवीजवळच्या त्या लायब्ररीत कधी गेला असाल तर ते लोखंडी रॅक आणि काचेच्या जाड लाद्यांची जमीन बघितली असेल, वरचा उजेड खालच्या मजल्यावर उतरावा म्हणून काच. आता 'बोर्डन' आणि 'बरोडा' आणि 'लायब्ररी' एवढे तीन शब्द टाकून बघा, सगळा कचरा गायब होतो आणि ग्रंथालयशास्त्राचे पेपर समोर येतात.

तर पहिली पायरी म्हणजे साध्या वाचनातून एखादं विशेषनाम पकडा, माणसाचं, कायद्याचं, अहवालाचं, मासिकाचं. मग ते नाव घेऊन परत सर्च करा.

स्पेलिंगचा भाग फार महत्त्वाचा आहे आणि तोच सगळे विसरतात. आपल्या शहराचं इंग्रजी नाव अधिकृतपणे वडोदरा झालं १९७४ मध्ये, म्हणजे त्याआधीचं इंग्रजी साहित्य बहुतेक सगळं 'बरोडा' नावाखाली आहे, तुम्ही 'वडोदरा' टाकून संस्थानकाळ शोधत बसलात तर हॉटेलं आणि सेव-उसळीची दुकानं मिळतील. तसंच गायकवाड, जुन्या इंग्रजी कागदांत शेवटी डी ऐवजी आर असतो, 'गायकवार' उच्चार होईल असं. मराठीत बडोदा, बडोदे, बडोदें तिन्ही. प्रत्येक रूप एकेकदा टाकून बघायला लागतं, कंटाळवाणं आहे, पर्याय नाही.

थोड्या खुणा पण शिकून ठेवा. दोन अवतरणचिन्हांत शब्द टाकले की ते शब्द तसेच आणि त्याच क्रमाने असलेली पानं येतात, लांब नावांसाठी आणि कुठलं वाक्य कुणाचं हे तपासायला हे ब्रह्मास्त्र आहे. शब्दाच्या आधी, त्याला चिकटून वजाबाकीची खूण टाकली की तो शब्द असलेली पानं वगळली जातात. 'साइट' शब्द इंग्रजीत, त्याला चिकटून कोलन, आणि त्याला चिकटून 'जीओव्ही डॉट इन' टाकलं की फक्त सरकारी साइटांमधले रिझल्ट, तिथे 'एसी डॉट इन' टाकलं की विद्यापीठांचे. त्याच पद्धतीने 'फाइलटाइप' कोलन 'पीडीएफ' टाकलं की पीडीएफच येतात, आणि रिपोर्ट, पेपर, गॅझेटियर हे सगळं बहुतेक पीडीएफमध्येच असतं. ही शेवटची युक्ती मला सगळ्यात लाडकी आहे, कारण क्विझ साइटा सहसा पीडीएफमध्ये नसतात.

मराठीत शोधलं की काहीच का येत नाही?

ही तक्रार बरोबर आहे आणि त्यात पोरांची काही चूक नाही. मराठीत लिहिलेलं कमी आहे असं अजिबात नाही, पण ते मशीनला दिसत नाही. कारण जरा विचित्र आहे.

आज आपण मोबाईलवर मराठी टाइप करतो ते युनिकोडमध्ये. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला नंबर, देवनागरीला हे नंबर १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत मिळाले. पण आपल्याकडे डीटीपीवाले, छापखाने, सरकारी ऑफिसं कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टमध्येच काम करत राहिले, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी ही नावं ऐकली असतील. त्या फॉन्टमध्ये आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, त्यावर फक्त मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं. डोळ्याला 'शिक्षण' दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि खुणांची भेळ. तुम्ही युनिकोडमध्ये 'शिक्षण' शोधलं की सूचीत ते जुळतच नाही. पटत नसेल तर एखादी जुनी मराठी पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. अगम्य काहीतरी उमटलं तर समजा ती फाइल मराठी सर्चला आंधळी आहे.

दुसरा प्रकार स्कॅनचा. जुनी पुस्तकं स्कॅन करून चढवलेली असतात पण ती नुसते फोटो असतात. फोटोतली अक्षरं ओळखणारं तंत्र असतं, ओसीआर म्हणतात त्याला, ते इंग्रजीला छान चालतं पण जुन्या मराठी छपाईतली जोडाक्षरं बघून गडबडतं. म्हणून इंटरनेट अर्काइव्हवर मराठी पुस्तक शोधताना आतला मजकूर शोधण्यात वेळ घालवू नका, पुस्तकाचं नाव किंवा लेखकाचं आडनाव शोधा, आणि तेही इंग्रजी अक्षरांत दोन-तीन स्पेलिंगांनी, कारण चढवणाऱ्याने नाव बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं. आणि संस्थानाची मूळ दफ्तरं तर मोडीत आहेत, ती वाचायला मोडी येणारा माणूसच लागतो, सर्च इंजिन तिथे दारापाशीच थांबतं.

सयाजीराव महाराजांवर मराठीत काम करायचं असेल तर महाराष्ट्र सरकारने त्यांच्या चरित्रसाधनांसाठी खास समिती नेमून खंड काढलेत, भाषणं, पत्रं, बरंच काही, ते नक्की बघा. हे सांगायचं कारण, हे बडोद्यातल्याच लोकांना माहीत नसतं.

गूगल जिथे पोचत नाही

क्रॉलर लिंकवरून फिरतो, पण तो सहसा कुठल्या साइटवरच्या शोधपेटीत शब्द टाइप करत नाही आणि लॉगिन तर करतच नाही. त्यामुळे लायब्ररीचे कॅटलॉग, अर्काइव्हचे डेटाबेस, पैसे भरून वाचायची जर्नल्स यातलं बरंचसं गूगलच्या साध्या रिझल्टात येतच नाही. पैसे मागणारी जी भिंत आडवी येते ती पेवॉल.

म्हणून वेगळी दारं माहीत पाहिजेत. गूगलचंच 'स्कॉलर' नावाचं वेगळं सर्च आहे, २००४ पासून, त्यात फक्त पेपर, थीसिस, पुस्तकं असं अभ्यासाचं मटेरियल येतं. त्यात बहुतेक रिझल्टखाली 'साइटेड बाय' असतं, त्यावर क्लिक केलं की हा पेपर पुढे कुणी कुणी वापरला ते दिसतं, म्हणजे एक चांगला पेपर सापडला की त्याच्या शेवटच्या यादीतून मागे जाता येतं आणि 'साइटेड बाय'मधून पुढे, दोन्हीकडे धागा लांबत जातो. 'ऑल व्हर्जन्स' पण बघा, एकीकडे पैसे मागणारा पेपर लेखकाने दुसरीकडे स्वतः फुकट ठेवलेला असू शकतो. फुकट मिळाला नाहीच तर लेखकाला दोन ओळींचा सभ्य ईमेल टाका, बरेचसे प्राध्यापक आनंदाने पाठवतात, कुणीतरी आपलं वाचतंय याचंच त्यांना कौतुक असतं.

दुसरं दार म्हणजे शोधगंगा, भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध पूर्णच्या पूर्ण तिथे ठेवलेले असतात. ते चालवणारी संस्था इन्फ्लिबनेट इथे जवळच गांधीनगरला आहे. अख्खा प्रबंध कुणी वाचा म्हणत नाहीये, शेवटची संदर्भयादी उघडा! एखाद्याने चार-पाच वर्षं घालून तुमच्याच विषयातले सोर्स गोळा करून ठेवलेत. ते प्रबंधातून तसेच उतरवून काढायचे नाहीत हं, त्यातला जो वापरणार तो स्वतः उघडून बघायचा.

आणि सुरुवातीला सांगितलं ते वन नेशन वन सबस्क्रिप्शन. त्याचं कामकाजही इन्फ्लिबनेटकडेच आहे. तुमचं कॉलेज सरकारी असेल, किंवा तुम्ही सरकारी विद्यापीठात असाल, तर लायब्ररीत जाऊन एकदा विचारा की आपली नोंदणी आहे का आणि घरून वापरायला लॉगिन कसं मिळतं. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर ग्रंथपालांना भेटा.

सावध राहायचं ते एका गोष्टीपासून. जर्नल असं नाव लावलं म्हणजे जर्नल झालं असं नाही. लेखकाकडून पैसे घ्यायचे आणि न तपासता काहीही छापायचं असा धंदा जोरात चालतो, स्कॉलरमध्येही असले पेपर येतात. चांगल्या जर्नलात छापण्याआधी त्याच विषयातली दुसरी माणसं पेपर तपासतात, त्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची 'केअर' यादी होती पण ती बंद केल्याचं त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं, त्यामुळे आता पारख आपल्यालाच करावी लागणार. चार दिवसांत छापून देतो असं लिहिलेलं असेल, संपादकांची नावं नसतील, आणि एकाच अंकात आयुर्वेदापासून रोबोटपर्यंत सगळं असेल, तर सोडून द्या.

पण एआयला विचारलं तर तो सोर्ससकट देतो की!

देतो, आणि तिथेच फसवतो. हे चॅटवाले एआय वाक्यात पुढचा शब्द काय शोभेल याच्या अंदाजावर लिहितात. पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष, पान नंबर हे सगळं शोभेल असं तयार करणं त्याला डाव्या हाताचा मळ आहे, मग ते पुस्तक जगात असो नसो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले जुने निकाल दाखले म्हणून दिले, समोरच्या बाजूने शोधले तर तसे खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. शिकलेसवरलेले वकील फसले तिथे एफवायबीएच्या पोराचं काय.

गूगलचं वरचं एआय उत्तर जरा वेगळं असतं, ते पानं बघून सारांश करतं आणि बाजूला लिंक देतं, म्हणून जास्त भरवशाचं वाटतं. पण मे २०२४ मध्ये अमेरिकेत ते सगळ्यांना सुरू झालं तेव्हा पिझ्झ्यावर चीज टिकावं म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळा असा सल्ला दिला होता त्याने. मूळ शोधलं तर रेडिट या गप्पांच्या साइटवर कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी गंमत म्हणून लिहिलेली कमेंट! आता सुधारणा झाल्यात, पण बाजूची लिंक उघडून ते वाक्य तिथे खरंच आहे का हे बघितल्याशिवाय घेऊ नका.

मग एआय वापरायचाच नाही का? वापरा ना. या विषयावर इंग्रजीत कुठले शब्द वापरतात, कुणाकुणाची नावं येतात, हे विचारायला तो मस्त आहे. त्याने दिलेलं पुस्तकाचं नाव मात्र लगेच अवतरणचिन्हांत टाकून शोधा. कुठल्याच लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये, प्रकाशकाकडे, स्कॉलरमध्ये मिळत नसेल तर ते मनाचं आहे असं धरून चाला.

विकिपीडिया चालत नाही म्हणतात, खरं का?

हवाला म्हणून नाही चालत, कारण ते कुणीही बदलू शकतं आणि ते स्वतःच तिसऱ्या हाताचं आहे. पण सुरुवात करायला त्याच्यासारखं काही नाही. लेखाच्या तळाशी ज्या तळटीपा असतात तिथे जा, त्यातलं पुस्तक किंवा पेपर उघडा, आणि तो स्वतः वाचून त्याचं नाव द्या. तळटीप नसलेलं वाक्य असेल तर ते घ्यायचं नाही. मराठी विकिपीडियावर लेख छोटे असतात आणि तळटीपा कमी, म्हणून तोच विषय इंग्रजीत पण उघडा.

सर चारच सोर्स मागतात, एवढी उठाठेव कशाला?

चारच मागतात म्हणून तर. वीस टॅब उघडून वीस ब्लॉग वाचण्यात संध्याकाळ जाते, त्यापेक्षा एक अहवाल, एक प्रबंध आणि त्यांच्या याद्यांमधून दोन पेपर हे कमी वेळात होतं. वेळ लागतो तो पहिल्यांदा, खुणा आणि दारं शिकताना.

इंग्रजी पेपर झेपत नाही ही अडचण खरी आहे, आपल्याकडे शाळेत गुजराती, घरी मराठी आणि कॉलेजात इंग्रजी असं तीन होड्यांमधलं पोर असतं. पेपर पहिल्या शब्दापासून वाचायचा नसतोच. आधी सुरुवातीचा गोषवारा, मग एकदम शेवटचा निष्कर्ष, पटलं आणि उपयोगाचं वाटलं तरच मधलं. न कळलेला परिच्छेद भाषांतरात टाकून बघा, पण आकडे आणि नावं मूळ पानावरूनच उतरवा, भाषांतरात लाख-मिलियनची गल्लत होते.

आणि लिंक उद्या उघडलीच नाही तर?

हे होतंच. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये तपासलं तर २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. सरकारी साइट नवीन झाली की जुन्या पीडीएफांचे पत्ते बदलतात हा तर आपला रोजचा अनुभव.

त्यामुळे सोर्स सापडला की तिथल्या तिथे काम उरकायचं. पीडीएफ डाउनलोड करा आणि फाइलचं नाव लगेच बदला, लेखकाचं आडनाव आणि वर्ष, नाहीतर 'डाउनलोड कंसात सात' नावाच्या फाइलींमध्ये आदल्या रात्री शोधत बसाल. वेबपान असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये त्याचा पत्ता टाकून 'सेव्ह पेज' करा, त्याची त्या दिवशीची कॉपी जपली जाते आणि तिचा वेगळा पत्ता मिळतो, तोही प्रोजेक्टमध्ये द्या. मेलेली लिंकही याच ठिकाणी टाकून बघा, जुनी कॉपी पडलेली असण्याची शक्यता चांगली असते. पेपरला डीओआय असेल, म्हणजे दहा आणि पुढे टिंब असा सुरू होणारा आणि मध्ये तिरकी रेघ असलेला नंबर, तर लिंकऐवजी तोच लिहा, कारण साइट बदलली तरी त्या नंबरवरून पेपर सापडतो. आणि कुठल्या तारखेला बघितलं ते लिहायला विसरू नका, सर विचारतातच.